जुन्या आऊटबोर्ड मशीनचे पॉवरहेड बदलताना

(खाडीकाठच्या शेतकरी व मच्छीमार बांधवांच्या मेळाव्यात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



माझ्या अगोदरच्या वक्त्यांनी आपल्याला खार जमिनीतील भाताविषयी आणि कोळंबीच्या तळ्याविषयी सांगितले. माझा विषय त्या मानाने तेलकट आहे. पण इथे बसलेल्यांपैकी निम्म्या घरांत थोडी भातशेती, चार-दोन माड आणि खाडीत एक होडी असा संसार आहे हे मला ठाऊक आहे. अशा घरात होडीच्या मागे लटकणारे आऊटबोर्ड मशीन हे बैलजोडीइतकेच महत्त्वाचे असते. बैल आजारी पडला तर शेजाऱ्याची जोडी मिळते. हंगामात मशीन बसले तर शेजाऱ्याची होडी मात्र त्याच्या पोटासाठी बाहेर गेलेली असते.

पॉवरहेड म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट करतो. आऊटबोर्ड मशीनचे तीन भाग पाडता येतात. झाकणाखाली जे इंजिन दिसते, म्हणजे सिलिंडर, पिस्टन, क्रँक, फ्लायव्हील, कार्ब्युरेटर आणि कॉइल, ते पॉवरहेड. त्याखाली धूर आणि पाणी उतरण्याची पोकळ नळकांडी व तिच्यातून जाणारा उभा शाफ्ट. सर्वांत खाली पाण्यात बुडणारा गिअरचा भाग, त्याला पंखा आणि आत पाण्याचा पंप. वरचे आणि खालचे वेगळे होऊ शकते, म्हणूनच वरचे गेले तर खालचे ठेवून फक्त पॉवरहेड बदलण्याची सोय आहे. नवीन मशीन घेण्यापेक्षा हे बरेच स्वस्त पडते. पण ते केव्हा स्वस्त आणि केव्हा महाग, हे समजून घेतल्याशिवाय पान्याला हात लावू नये.

आधी कारण, मग काम

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. मी तेव्हा या कामात नवा होतो आणि हात चालतो म्हणून डोकेही चालते असा माझा समज होता. एका वयस्कर तांडेलांचे दोन सिलिंडरचे मशीन तापून जाम झाले. नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली. दुसऱ्या एका मशीनचा गिअरचा भाग खडकावर आपटून फुटला होता, त्याचे वरचे इंजिन मात्र चांगले होते. ते आम्ही विकत घेतले आणि मी एका दिवसात ते काकांच्या मशीनवर चढवले. पिंपात चालवून पाहिले, बाजूच्या भोकातून पाण्याची धार येत होती. मी खूश, काका खूश. दुसऱ्या दिवशी खाडीच्या मुखाशी भरतीच्या पाण्याविरुद्ध जोर लावला आणि मशीन पुन्हा जाम. काका आणि त्यांचा मुलगा नांगर टाकून बसले, नांगरही धरेना. दुपारी एका दुसऱ्या होडीने त्यांना ओढून आणले.

मशीन उघडले तेव्हा पाण्याच्या पंपातील रबरी चक्राची दोन पाती तुटलेली निघाली. मंद गतीला उरलेली पाती पुरेसे पाणी चढवत होती. पूर्ण जोरात ते अपुरे पडले. म्हणजे पहिले इंजिन ज्या कारणाने गेले, त्याच कारणाने माझे चढवलेले दुसरेही गेले आणि ते कारण मी हातातून सोडून दिले होते. त्या इंजिनाचे निम्मे पैसे मी काकांना हप्त्याहप्त्याने परत केले. त्यांनी मागितले नव्हते. तेव्हापासून कोणी पॉवरहेड बदलायचे म्हणाले की माझा पहिला प्रश्न असतो, जुने का गेले?

कारणे फार नसतात. थंड पाणी न पोचणे हे पहिले. पंपाचे चक्र झिजलेले, पाण्याच्या वाटा मिठाने आणि गाळाने चोंदलेल्या किंवा थर्मोस्टॅट अडकलेला. दुसरे म्हणजे ऑइल कमी किंवा चुकीचे. तिसरे, इंधन कमी पोचणे. कार्ब्युरेटरचा जेट अर्धा बुजला की पेट्रोल कमी येते आणि या मशीनमध्ये वंगण पेट्रोलबरोबरच येते, म्हणजे पेट्रोल कमी तर ऑइलही कमी. हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. चौथे, क्रँकच्या खालच्या टोकाचे ऑइल सील फाटलेले. तिथून नको ती हवा किंवा पाणी आत ओढले जाते आणि खालचा सिलिंडर आधी जातो. उलट वरचा सिलिंडर आधी गेला असेल तर बहुधा पाणी वरपर्यंत चढत नव्हते असे समजावे. जुने इंजिन भंगारात देण्यापूर्वी कोणता सिलिंडर घासला आहे ते उघडून पाहावे. तो आपल्याला पुढचे इंजिन वाचवायला शिकवतो.

अलीकडे एक नवी गोष्ट त्यात मिसळली आहे. २०२५ पासून पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत अर्धी भरलेली टाकी दोन महिने पडून राहिली तर पाणी व इथेनॉल खाली बसते. शिवाय जुन्या मशीनच्या रबरी नळ्या आणि इंधन पंपाचे पडदे अशा पेट्रोलसाठी केलेले नव्हते, ते फुगतात, चिरतात. म्हणून पॉवरहेड बदलताना नळ्या आणि पडदे नवीन घालावेत आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करावी.

बदलावे की सोडून द्यावे

खालचा भाग जपण्याजोगा आहे का, हे आधी ठरवावे. गिअरचे तेल खालच्या स्क्रूतून एका पांढऱ्या भांड्यात काढावे. तेल दुधासारखे पांढरट निघाले तर सीलमधून पाणी शिरते आहे. सील बदलता येते, ते फार खर्चाचे नाही. पण तेलात चकाकणारे लोखंडाचे कण असतील तर गिअर किंवा बेअरिंग खाल्ले गेले आहे. गिअर गेलेला आणि पॉवरहेडही गेलेले, अशा मशीनवर खर्च करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तसेच मधल्या नळकांडीला किंवा होडीला चिकटणाऱ्या कंसाला भेग असेल तरी विचार सोडून द्यावा. अॅल्युमिनियमचे वेल्डिंग दिसायला छान होते, समुद्रात टिकते असे नाही.

जुळणी हा दुसरा मुद्दा. एकाच कंपनीची, एकाच ताकदीची दोन मशीन बाहेरून सारखी दिसली तरी आतून सारखी असतीलच असे नाही. उभ्या शाफ्टचे दाते मोजावेत. बूड जिथे टेकते तिथली बोल्टची भोके, धुराची वाट आणि पाण्याच्या वाटा जुन्या पॅकिंगवर ठेवून ताडून पाहाव्यात. स्पार्क पॉइंटवर आहे की इलेक्ट्रॉनिक, तेही पाहावे. नाहीतर तारा जुळत नाहीत आणि माणूस दोन दिवस कॉइलला शिव्या देत बसतो. जॉन्सन आणि एव्हिनरूड या जुन्या मशीनमध्ये ९.९ आणि १५ अश्वशक्तीचे ब्लॉक एकच असण्याची उदाहरणे आहेत, फरक मुख्यतः कार्ब्युरेटरचा. अशा ठिकाणी बदल सोपा जातो. पण त्या मशीनची मूळ कंपनी २००० साली दिवाळखोरीत निघाली आणि एव्हिनरूडचे उत्पादन २०२० मध्ये थांबले, तेव्हा सुटे भाग मिळतील याची खात्री करूनच जुने इंजिन घ्यावे.

जुने पॉवरहेड विकत घेताना विक्रेत्याच्या बोलण्याकडे लक्ष न देता हाताने पाहावे. प्लग काढून फ्लायव्हील सावकाश फिरवावे. खरखर लागली तर बेअरिंग गंजले आहे. फ्लायव्हील आडवे हलवून पाहावे, ढिलाई जाणवली तर घेऊ नये. प्लगच्या टोकावर चंदेरी बारीक ठिपके असतील तर पिस्टन वितळू लागला होता. खालून क्रँकच्या दातांत लाल गंजाची भुकटी आहे का ते बॅटरी मारून पाहावे. शक्य असेल तर धुराच्या बाजूचे झाकण काढून घ्यावे, तिथून पिस्टनच्या रिंग आणि सिलिंडरची भिंत दिसते. उभ्या ओरखड्यांचा सिलिंडर कितीही स्वस्त असला तरी महागच.

मग दाब मोजावा. दोन्ही प्लग काढावेत, प्लगच्या तारा ब्लॉकला टेकवून अर्थ कराव्यात, थ्रॉटल पूर्ण उघडावा आणि दोरी पाच-सहा वेळा सारख्याच जोराने ओढावी. किती पौंड दाब हवा हे मशीनगणिक बदलते, पण दोन सिलिंडरमधला फरक जास्त बोलका असतो. एकात ११० आणि दुसऱ्यात १०५ आला तर हरकत नाही. एकात ११० आणि दुसऱ्यात ८० आला तर ते इंजिन दुकानातच राहू द्यावे.

खरेदीची पावती क्रमांकासह घ्यावी. मशीनचा क्रमांक बहुधा होडीला लागणाऱ्या कंसावर असतो, काही जुन्या मशीनवर ब्लॉकवरही ठोकलेला असतो. आपल्या नौकेच्या कागदपत्रांत इंजिनाचा क्रमांक लिहिलेला असेल तर बदल परवाना अधिकाऱ्यांना कळवावा. चोरीचे मशीन पदरात पडू नये म्हणून एवढी काळजी.

उतरवण्याचे काम

हे काम पावसाळी बंदीच्या सुरुवातीला काढावे, नारळी पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात नव्हे. कारण यातील खरा वेळ बोल्ट खातात. पॉवरहेड खालच्या भागाला बोल्टनी जोडलेले असते आणि ते अॅल्युमिनियममध्ये गेलेले असतात. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना लागले की पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट जणू वितळून एक होतो. घाई केली की डोके तुटून हातात येते.

म्हणून तीन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ गंज सोडवणारे तेल सोडत राहावे. बोल्टच्या डोक्यावर हातोडीने सरळ, हलके ठोके द्यावेत. मग योग्य मापाचा बंद पाना लावून आधी किंचित आवळण्याच्या दिशेने दाब द्यावा व नंतर सैल करण्याच्या दिशेने. हलला की पुन्हा तेल, पुन्हा आवळ-सैल. तरीही हलेना तर बोल्टच्या भोवतालच्या अॅल्युमिनियमला ब्लो लॅम्पने मंद उष्णता द्यावी. त्यापूर्वी टाकी, नळी आणि कार्ब्युरेटर काढून दूर ठेवलेले असले पाहिजेत आणि काम उघड्यावर असावे. पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही. एवढे करूनही बोल्ट तुटला तर रडत बसू नये, मध्यभागी बरोबर पंच मारून ड्रिल करावे आणि आटे नव्याने पाडून घ्यावेत किंवा तारेचे तयार आटे बसवून घ्यावेत. हे मात्र चांगल्या फिटरकडून करावे. वाकडे पडलेले भोक आयुष्यभर वाकडेच.

सोडवण्यापूर्वी प्रत्येक बाजूने मोबाईलवर फोटो काढावेत. पूर्वी आम्ही वहीत आकृती काढत असू, आणि ती दुसऱ्या दिवशी आम्हालाच समजत नसे. तारा, थ्रॉटलची केबल, चोक, गिअरची कांडी, पाण्याच्या बारीक नळ्या, दोरीचा स्टार्टर हे क्रमाने सोडवावे. बोल्ट जिथून निघाले तिथल्या खुणेसह पुठ्ठ्यात खोचून ठेवावेत, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते आणि लांब बोल्ट आखूड जागी गेला तर ब्लॉक फुटतो.

माझी पद्धत अशी की पॉवरहेड उचलण्यापूर्वी खालचा गिअरचा भाग काढून घ्यावा. गिअरची कांडी सोडवायला विसरू नये. यात दोन फायदे. पंप आपोआप तपासला जातो, आणि उभा शाफ्ट क्रँकच्या दातांत गंजून अडकला असेल तर ते आधीच कळते. शाफ्ट अडकलेला असताना पॉवरहेड वर ओढत राहिले तर काहीतरी वाकते. दोन पृष्ठभाग सुटत नसतील तर लाकडी पाचर हलक्या हाताने मारावी. स्क्रू ड्रायव्हर खुपसू नये. त्याने पडलेल्या एका ओरखड्यातून पुढे वर्षभर पाणी आणि धूर गळतो. लहान मशीनचे पॉवरहेड दोन माणसे उचलतात, मोठ्याला चेनब्लॉक लावावा आणि सरळ वर घ्यावे.

बसवताना

टेकण्याचे दोन्ही पृष्ठभाग पितळी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून साफ करावेत. पॅकिंग नवीनच वापरावे. जुने चांगले दिसते म्हणून परत घालणारे लोक मी पाहिले आहेत, आणि महिन्याने तेच लोक पुन्हा भेटतात. क्रँकचे खालचे सील या वेळी हाताशी आलेले असते, ते बदलून टाकावे. किंमत थोडी, पण पुन्हा तिथे पोचायचे तर सगळे उघडावे लागेल.

पंपाचे रबरी चक्र न पाहता नवीन घालावे. पाती एकाच बाजूला वळलेली बसली पाहिजेत, शाफ्ट ज्या दिशेने फिरतो त्याच्या मागच्या बाजूला. पात्याचा तुकडा हरवलेला असेल तर तो सापडेपर्यंत काम पुढे नेऊ नये. तो बहुधा वरच्या नळीत किंवा ब्लॉकच्या पाण्याच्या वाटेत असतो. खालचा भाग वर चढवताना पाण्याची तांब्याची नळी पंपाच्या रबरी बुचात नेमकी शिरली आहे का, हे डोळ्याने व बोटाने तपासावे. ती बाहेर राहिली तर बोल्ट सगळे बसतात, मशीन सुरू होते आणि पाणी मात्र वर जात नाही.

शाफ्टच्या दातांना पाण्यात न धुणारे ग्रीस बाजूंनी लावावे, टोकावर लावू नये. टोकावर ग्रीसचा गोळा राहिला तर तो दबून शाफ्टला पूर्ण आत बसू देत नाही आणि क्रँकवर ताण येतो. दाते जुळण्यासाठी फ्लायव्हील वरून पाहता घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच फिरवावे. उलटे फिरवले तर पंपाची पाती उलटी वळतात. बोल्टना ग्रीस लावून समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. मशीनच्या पुस्तकात आवळण्याचे माप दिलेले असते, त्यासाठी मापाचा पाना उसना मिळाला तरी चालेल. फ्लायव्हील काढले असेल तर त्याचा निमुळता भाग व क्रँकचे टोक कोरडे पुसून बसवावे, तिथे तेल-ग्रीस नको. कार्ब्युरेटर उघडून जेट साफ केल्याशिवाय नव्या इंजिनावर चढवू नये.

पहिले दहा तास

मशीन कोरडे कधीही सुरू करू नये, एक मिनिटही नाही. पिंपात पाणी पंपाच्या वर येईल इतके भरावे. ऑइल आऊटबोर्डसाठी असलेले, डब्यावर टीसी-डब्ल्यू-३ असे लिहिलेले घ्यावे. मोटारसायकलचे टू-स्ट्रोक ऑइल वेगळ्या गरजेसाठी केलेले असते. पुस्तकात नेहमीसाठी ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल सांगितले असेल, तर पहिल्या १० तासांत २५ भागांना १ भाग ठेवावे. म्हणजे १० लिटरला २०० मिलिलिटरऐवजी ४०० मिलिलिटर. धूर जास्त निघेल, प्लग काळे होतील, त्याला घाबरू नये.

पहिली दहा मिनिटे मंद गतीवर. पाण्याची धार सतत आहे ना, सिलिंडरच्या टोपीवर हात ठेवता येतो ना, हे पाहावे. मग होडीला लावून तासाभरात अर्ध्या थ्रॉटलच्या वर जाऊ नये, दुसऱ्या तासात पाऊणपर्यंत. पुढचे आठ तास पूर्ण जोर सलग पाच मिनिटांपेक्षा जास्त देऊ नये आणि एकाच गतीवरही फार वेळ ठेवू नये. हे दहा तास खाडीतच काढावेत, भांगाच्या दिवसांत, बरोबर वल्ही घेऊन. जाळी चढवून थेट समुद्रात जाण्याचा मोह मला समजतो. माझ्याच हाताने एकदा तसे झालेले आहे.

रोज परत आल्यावर गोड्या पाण्यात पाच-दहा मिनिटे चालवून आतले मीठ धुवावे. जस्ताचा तुकडा निम्मा झिजला की बदलावा. त्याला रंग लावू नये, रंग लावला की तो आपले काम सोडतो.

(भाषणानंतर विचारलेल्या प्रश्नांपैकी दोन प्रश्न व त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.)

एका बांधवाने विचारले की त्यांचे मशीन रॉकेलवर चालणारे आहे, त्यावर पेट्रोलचे पॉवरहेड बसेल का? बसेल, पण रॉकेलवर चालवू नये. रॉकेलच्या मशीनमध्ये सिलिंडरमधला दाब मुद्दाम कमी ठेवलेला असतो. पेट्रोलच्या इंजिनात रॉकेल घातले की ते ठोकते आणि पिस्टन जातो. तसेच रॉकेलचे मशीन बंद करण्यापूर्वी काही वेळ पेट्रोलवर आणावे, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये रॉकेल उरत नाही आणि दुसऱ्या दिवशी दोरी ओढून खांदा दुखत नाही.

दुसरा प्रश्न एका भगिनींचा होता. होडी उलटून मशीन खाऱ्या पाण्यात बुडाले, त्यांच्या यजमानांनी ते बाहेर काढून उन्हात वाळत ठेवले, आता पॉवरहेड बदलावे लागेल का? ताई, वाळवण्यातच नुकसान होते. बुडालेले मशीन पाण्याबाहेर आले की हवा लागून बेअरिंगवर काही तासांत गंज धरतो. ते लगेच गोड्या पाण्याने आत-बाहेर धुवावे, प्लग काढून दोरी ओढून पाणी बाहेर फेकावे, सिलिंडरमध्ये ऑइल सोडावे आणि शक्य तर त्याच दिवशी सुरू करून तासभर चालवावे. ते लगेच जमण्याजोगे नसेल तर मेकॅनिक येईपर्यंत मशीन गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवावे. आपल्या मशीनला किती दिवस झाले, असे विचारल्यावर त्यांनी चार दिवस सांगितले. फ्लायव्हील हाताने फिरते का ते पाहा. फिरत असेल आणि खरखर नसेल तर उद्या सकाळी यजमानांना मशीन घेऊन पाठवा, उघडून पाहू.